भविष्यातल्या जगात मत कुणाला?

कल्याण, डोंबिवली, ठाणे आणि उल्हासनगरमधले आम्ही काही कार्यकर्ते गेले काही महिने महिन्यातून दोन रविवार एकत्र बसून विज्ञान कादंबऱ्या वाचतो आहोत. बहुतेक पुस्तके इंग्रजी आहेत. ज्याला इंग्रजी जमते तो वाचतो आणि मराठीत सांगतो, बाकीचे भांडतात. गटात पोलीस भरतीची तयारी करणारे आहेत, कंपनीत कंत्राटावर असलेले आहेत, दोन शिक्षिका आहेत, एक निवृत्त रेल्वे कर्मचारी आहेत. आम्ही मुद्दाम दोन प्रकार निवडले. एक लष्करी विज्ञान कादंबरी, म्हणजे अंतराळातले सैन्य आणि परग्रहांवरची युद्धे. दुसरा विनोदी विज्ञान कादंबरी.

या वाचनातून जी मते पुढे आली, त्यांतली तीन मते आम्हाला वारंवार ऐकू येतात. पहिले मत असे की लष्करी कादंबरी आपली आहे, कारण आपण सैनिकांचे वंशज आहोत. दुसरे असे की विनोदी कादंबरी म्हणजे टाइमपास, चळवळीच्या माणसाला त्यात काय मिळणार? तिसरे मत सगळ्यात जड आहे: "हे गोऱ्यांचे चोचले आहेत. आपल्याकडे पाण्याचा आणि घराचा प्रश्न आहे, मंगळाचे काय घेऊन बसलात?"

आम्हाला ही तिन्ही मते मान्य नाहीत. पण ती आपल्याच माणसांची मते आहेत, म्हणून त्यांचा समाचार नीट घेतला पाहिजे.

आधी तिसरे मत घेऊ. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्याच वर्षी लंडनमध्ये बीबीसी रेडिओवर डग्लस ॲडम्सची 'हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' ही श्रुतिका सुरू झाली आणि पुढच्या वर्षी तिची कादंबरी झाली. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक प्रश्न पडतो. 'बलुतं'ने मराठी साहित्याला हादरवले, आत्मकथनांची परंपरा उभी राहिली, तिचे मोल कुणी कमी करू शकत नाही. पण पुढे प्रस्थापित साहित्यव्यवहाराने आपल्यासाठी तीच एक खोली राखून ठेवली. तुम्ही तुमचे भोगलेले लिहा, तुमचा भूतकाळ लिहा. भविष्य लिहायचे काम दुसऱ्यांचे. ज्याला भविष्याची कल्पना करू दिली जात नाही, त्याला भविष्याच्या नियोजनातही खुर्ची मिळत नाही. संविधान हा तरी काय होता? १९४९ साली या देशात नसलेल्या समाजाचा आराखडाच होता. संत रविदासांनी दुःख आणि कर नसलेल्या बेगमपुऱ्याची कल्पना पाच शतकांपूर्वी केली. म्हणजे नसलेले जग डोळ्यांपुढे उभे करणे ही आपलीच परंपरा आहे, गोऱ्यांकडून उसनी आणलेली नव्हे.

आता पहिल्या मताकडे येऊ. लष्करी विज्ञान कादंबरीत आजही ज्या पुस्तकाचे नाव सर्वात आधी घेतले जाते ते रॉबर्ट हाइनलाइनचे 'स्टारशिप ट्रूपर्स', १९५९ सालचे. हाइनलाइन स्वतः अमेरिकी नौदलात अधिकारी होता. कादंबरीत माणसांचे सैन्य किड्यांसारख्या परग्रहवासीयांशी लढते. पण तिचा गाभा लढाईत नाही, तिथल्या राज्यव्यवस्थेत आहे. त्या राज्यात मतदानाचा अधिकार जन्मतः मिळत नाही. ठरावीक काळ राज्याची सेवा, मुख्यतः सैन्यातली सेवा, पूर्ण करणाऱ्यालाच मत मिळते. बाकीचे व्यापार करतात, बोलतात, सुखाने जगतात, पण सरकार निवडण्यात त्यांचा हात नसतो.

आमच्या गटात या कल्पनेला टाळ्या पडल्या, हे आम्ही लपवणार नाही. भरतीची तयारी करणारा एक भाऊ म्हणाला, "बघा, तिथे कुणी जात विचारत नाही. नायक फिलिपिनो आहे. सेवा केली की मत, विषय संपला. आपल्याकडच्यापेक्षा बरे नाही का?" त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. १९५९ सालच्या अमेरिकेत गोरा नसलेला नायक उभा करणे ही लहान गोष्ट नव्हती, आणि त्या राज्यात सेवेचा दरवाजा कुणालाही बंद नाही.

पण मित्रांनो, हा दरवाजा कादंबरीत उघडा आहे. इतिहासात तो आपल्यासाठी बंद झाला होता. महारांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात पिढ्यानपिढ्या नोकरी केली. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी 'लढवय्या जातीं'चा सिद्धान्त पुढे करून महारांची भरतीच थांबवली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त सैनिकाने अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार पलटण उभारली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणजे गरज असली की या, गरज सरली की घरी जा.

आता हाइनलाइनचा नियम या इतिहासावर लावून पाहा. सैनिकी सेवेवर मत अवलंबून असते तर ज्या दिवशी भरती बंद झाली त्या दिवशी आपले मतही बंद झाले असते. दरवाजा उघडायचा की लावायचा हे ज्याच्या हातात, मत देणारा खरा मालक तोच. बक्षीस म्हणून मिळालेला अधिकार बक्षीस देणारा कधीही काढून घेतो.

आणि ही नुसती कल्पना नाही. १९१९ च्या कायद्याखाली जे मतदार ठरले, त्यांत मालमत्तावाले आणि कर भरणारे होते, तसेच सैन्यातून निवृत्त झालेलेही होते. सुभेदाराच्या मुलाला ही वाट सोपी होती. आमच्या लोकांनी रक्त सांडले आहे, म्हणून आमच्या सैनिकांना मत द्या, एवढे मागून बाबासाहेब थांबू शकले असते. ते थांबले नाहीत. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी सर्व प्रौढांना मताधिकार मागितला आणि मे १९२९ मध्ये मुंबई प्रांतिक समितीपासून वेगळा अहवाल देऊन हीच मागणी लेखी मांडली. त्यात पलटणीतल्या महाराला मत होते, तसेच भांडी घासणाऱ्या बाईला, शेतमजुराला आणि अक्षर न ओळखणाऱ्या म्हातारीलाही होते. संविधानाचे कलम ३२६ त्या मागणीचे फळ आहे. 'स्टारशिप ट्रूपर्स' वाचून टाळी वाजवणाऱ्याने हे कलम एकदा काढून वाचावे.

इथे कुणी विचारेल, मग भीमा कोरेगावचा अभिमान सोडायचा का? मुळीच नाही. १ जानेवारीला आम्हीही त्या स्तंभापुढे नतमस्तक होतो. पण तारखा नीट वाचा. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला कोरेगावला गेले आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर. तीन महिन्यांच्या आत त्यांनी सैनिकाच्या वंशजाला पाण्यापर्यंत नेले. तळ्यावर कुणाच्या हातात बंदूक नव्हती आणि पाणी प्यायचा हक्क पलटणीतल्या नोकरीवरून मागितला नव्हता. जो फक्त स्तंभापाशी थांबतो त्याला हाइनलाइन पुरतो. जो तळ्यापर्यंत जातो त्याला पुरत नाही.

लष्करी कादंबरी वाचूच नका असे आम्ही म्हणत नाही. ज्याने युद्ध खालून पाहिले त्याची वाचा. जो हाल्डमन व्हिएतनाममध्ये लढला, जखमी झाला आणि त्याने १९७४ साली 'द फॉरेव्हर वॉर' लिहिली. तिच्यातला सैनिक प्रकाशाच्या वेगाच्या जवळ प्रवास करतो, त्यामुळे त्याची काही वर्षे सरतात आणि पृथ्वीवर शतके लोटतात. तो परत येतो तेव्हा त्याला ओळखणारा समाज उरलेला नसतो, त्याच्या जोगे काम नसते, म्हणून तो पुन्हा सैन्यात जातो. शेवटी कळते की हजार वर्षांहून जास्त चाललेले हे युद्ध गैरसमजातून सुरू झाले होते. आमच्या गटातले रेल्वेचे काका ऐकता ऐकता म्हणाले, "हे तर पलटण मोडल्यावर गावी आलेल्या माणसाचे झाले. बाहेर साहेबाने हवालदार म्हटले आणि गावात पुन्हा मेलेले ढोर ओढायला लावले." आमच्या मते या कादंबरीचे इतके नेमके समीक्षण कुठल्याही प्राध्यापकाने केले नसेल.

ही कादंबरी आजच्या तरुणाने वाचावी याचे आणखी एक कारण आहे. २०२२ पासून अग्निपथ योजना आहे. चार वर्षांची नोकरी आणि त्यानंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम. पहाटे मैदानावर धावणाऱ्या आपल्या मुलांपैकी बहुतेकांना पंचविशीच्या आत घरी परतायचे आहे. परतलेल्या सैनिकाला समाजात जागा कोणती, हा प्रश्न त्यांच्यासाठी अंतराळातला नाही.

लष्करी कादंबरीला दुसरा प्रश्न जमिनीचा विचारला पाहिजे. छावणी कुणाच्या शेतावर उभी आहे? कल्याणच्या माणसाला हा प्रश्न शिकवावा लागू नये. उल्हासनगर हे मुळात दुसऱ्या महायुद्धातले लष्करी तळ होते. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले, तरी पत्ता आजही 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असाच सांगतात. जवळच नेवाळीला त्याच युद्धाच्या काळात विमानतळासाठी शेतकऱ्यांची जमीन घेतली गेली. युद्ध १९४५ साली संपले, पण जमिनीचा वाद संपला नाही. २२ जून २०१७ ला तिथे नौदलाच्या कुंपणाविरुद्ध शेतकऱ्यांचे आंदोलन भडकले, पोलिसांशी संघर्ष झाला, गाड्या जळाल्या. जॉन स्काल्झीच्या 'ओल्ड मॅन्स वॉर' या २००५ च्या कादंबरीत पंचाहत्तरी गाठलेल्या अमेरिकी म्हाताऱ्यांना नवे शरीर देऊन लढायला पाठवतात आणि परग्रहांवर वसाहत करायला भारतासारख्या देशांतली माणसे जातात. कादंबरी गमतीदार आहे, हातातून सुटत नाही. पण ते भारतीय कोण? परग्रहावर पोचल्यावर गावठाण कुणाला मिळाले आणि वस्तीबाहेरची जागा कुणाला? लेखकाला हा प्रश्न सुचण्याचे कारण नाही. आपल्याला तो सुचलाच पाहिजे.

आता 'टाइमपास' म्हणून हिणवलेल्या विनोदी कादंबरीकडे. ॲडम्सच्या 'हिचहायकर्स गाइड'मध्ये सुरुवातीलाच आर्थर नावाच्या साध्या माणसाचे घर बायपास रस्त्यासाठी पाडायला बुलडोझर येतो. अधिकारी सांगतो की आराखडा बराच काळ कार्यालयात ठेवलेला होता, हरकत का घेतली नाही? आराखडा होता तळघरात, कुलूपबंद कपाटात, जिथे कुणी पोचणार नाही अशा जागी. थोड्याच वेळात व्होगॉन नावाचे परग्रहवासी येतात आणि अंतराळातल्या बायपाससाठी अख्खी पृथ्वी पाडतात. त्यांचेही म्हणणे तेच. नोटीस पन्नास वर्षे लावलेली होती. कुठे? चार प्रकाशवर्षांवरच्या अल्फा सेंटॉरीच्या कार्यालयात.

हे सांगितल्यावर आमच्या बैठकीत जे हसू फुटले ते टाइमपासचे नव्हते. त्या खोलीतल्या निम्म्या लोकांच्या घरावर कधी ना कधी नोटीस लागली आहे. हरकती-सूचना मागवल्याची जाहिरात कोणत्या पेपरच्या कोणत्या कोपऱ्यात येते आणि तिची मुदत कधी संपते हे आम्ही कामातून शिकलो आहोत. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारती पाडायला सांगितले. बनावट परवानग्यांवर रेराची नोंदणी मिळवलेल्या त्या इमारतींत लोकांनी कर्ज काढून घरे घेतली होती. कागद खोटा करणारा वेगळा, कागदाला शिक्का देणारा वेगळा आणि रस्त्यावर येणारा तिसराच. व्होगॉन ओळखायला आपल्याला दुर्बीण लागत नाही. आणि ज्या डोंबिवलीत २०१४ साली हिरवा पाऊस पडला, २०२० साली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तिथल्या वाचकाला विनोदी विज्ञान कादंबरी अतिशयोक्त वाटत असेल तर त्याने खिडकी उघडून पाहावी.

हॅरी हॅरिसनची 'बिल, द गॅलॅक्टिक हीरो' ही १९६५ ची कादंबरी तर हाइनलाइनला दिलेले थेट उत्तर आहे. हॅरिसनही सैन्यात राहून आलेला. त्याचा बिल शेत नांगरणारा गरीब पोरगा. बँडबाजा वाजवत भरतीवाले येतात आणि त्याला भुलवून नेतात. पुढे तो साम्राज्याच्या राजधानीत हरवतो. ही राजधानी म्हणजे सोन्यासारखा झळाळणारा, पूर्ण ग्रहभर पसरलेला महाल. आणि तिथे बिलला काम मिळते ते सफाई खात्यात. एवढ्या मोठ्या शहराचा कचरा टाकायचा कुठे, हा साम्राज्याचा न सुटलेला प्रश्न असतो. आमच्या वाचनात आलेल्या अंतराळ साम्राज्यांपैकी या एकाच साम्राज्याचा कचरा दिसला. इतर कादंबऱ्यांत यानाचे इंजिन कसे चालते याचे चार पानी वर्णन असते, पण यानातला संडास कोण साफ करतो हे कुणी सांगत नाही. आधारवाडीच्या कचऱ्याच्या डोंगराखाली आयुष्य काढलेल्या माणसाला विचारा, शहराचा इतिहास कुठून वाचायचा असतो. २०१३ चा कायदा असूनही ठाण्यात आणि डोंबिवलीत माणसे गटारात उतरून मेली आहेत. त्यांची जात कुणाला शोधावी लागली नाही.

या कादंबरीचा शेवट मात्र हसवत नाही. बिल स्वतः भरतीवाला होऊन आपल्या गावी येतो आणि स्वतःची शिक्षा कमी व्हावी म्हणून धाकट्या भावाला सैन्यात ओढतो. ज्याला फसवले तोच फसवणारा होतो. आपल्या मोहल्ल्यातून उठून सत्तेच्या दारात बसलेले आणि निवडणुकीच्या हंगामात पोरांना गाडीवर झेंडे लावून फिरवणारे नेते आठवा. मग सांगा, हा टाइमपास आहे का?

विनोदाला हलके समजणे ही आपली परंपराच नाही. जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिले त्यात विदूषक आहे आणि तोच भिक्षुकाची लबाडी उघडी पाडतो. 'गुलामगिरी'त धोंडिबा आणि जोतीराव दशावतारांवर साधे प्रश्न विचारत जातात आणि वाचकाला हसू आवरत नाही. सत्यशोधकी जलसे, नंतरचे आंबेडकरी जलसे लोकांना हसवत हसवत शहाणे करत होते. हसण्याने भीती जाते, आणि भीती गेली की माणूस प्रश्न विचारतो.

मराठी विज्ञान साहित्याला आम्ही हेच प्रश्न विचारतो. जयंत नारळीकरांनी मराठीत विज्ञानकथेला प्रतिष्ठा दिली. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नाव बदलून कथा पाठवणारा हा शास्त्रज्ञ २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. आयुष्यभर त्यांनी फलज्योतिषाविरुद्ध भूमिका घेतली, तिचे आम्ही ऋणी आहोत. त्यांच्या 'वामन परत न आला'मध्ये माणसावर मात करू पाहणाऱ्या यंत्रमानवाचे नाव वामन आहे. आमच्या बैठकीत शीर्षक ऐकताच कुणीतरी म्हणाले, "येऊच नये! आला तर बळीला पुन्हा पाताळात घालील." ही गंमत वरवरची नाही. एकच नाव, पण बळीराजाची बाजू घेणाऱ्या वाचकाला त्यात वेगळी कथा दिसते. ती कथा अजून कुणी लिहिलेली नाही.

अमेरिकेत सॅम्युअल डिलेनी या काळ्या लेखकाची 'नोव्हा' ही कादंबरी एका नामांकित संपादकाने परत केली. काळा नायक वाचकांना जवळचा वाटणार नाही, हे त्याने दिलेले कारण डिलेनींनी स्वतः नोंदवले आहे. त्यामुळे डिलेनी लिहायचे थांबले नाहीत. ऑक्टेव्हिया बटलरने १९७९ च्या 'किंड्रेड'मध्ये आपल्या काळातल्या काळ्या बाईला गुलामगिरीच्या काळात नेऊन उभे केले. आपल्याकडे चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने २०२४ साली जातिविरोधी विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह काढला. मराठीत असा संग्रह का नसावा? 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध लढणाऱ्यांना अर्पण केली गेली, ती १८७३ साली. त्या नात्याला जागून आपण एवढे तरी करू शकतो.

युद्धाबद्दलही आपल्याकडे वेगळी कथा आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य संघ कोलियांविरुद्ध युद्धाचा ठराव करतो आणि तरुण सिद्धार्थ भर सभेत त्याला विरोध करतो. बहुमत विरोधात गेले तरी तो शस्त्र उचलत नाही, परिव्राजक होणे पत्करतो. युद्धाच्या ठरावाला विरोध करून घर सोडणारा असा नायक आमच्या यादीतल्या एकाही लष्करी कादंबरीत नाही. हा प्रसंग घेऊन पाच शतकांनंतरच्या दोन ग्रहांची आणि त्यांच्यातल्या पाण्याची कादंबरी कुणी लिहील का?

तोवर वाचा. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे, ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून. सभासद व्हा आणि ही पुस्तके मागवायला लेखी पत्र द्या. मागणी कागदावर आली की ती सहज डावलता येत नाही. आणि कुठलीही विज्ञान कादंबरी हातात घेतली, लष्करी असो वा विनोदी, की तिला तीन प्रश्न विचारा. या जगात मत कुणाला आहे? जमीन कुणाची होती? आणि झाडू कुणाच्या हातात आहे? उत्तर देणारी कादंबरी आपली. प्रश्न टाळणारी कादंबरी कितीही थरारक असो, तिच्या भविष्यात आपल्याला घर नाही. ते घर आपणच लिहायचे आहे.

जयभीम!